चार वाजताचं औषध

दाराच्या भिंगातून सहना सिस्टर दिसली, तशी ईश्वरीनं दोन वर्षांच्या सिंधूला उचलून कडेवर घेतलं. आई जाऊन महिना झाला होता. शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या ज्या हॉस्पिसमध्ये तिनं प्राण सोडला, तिथली ही नर्स दुसऱ्यांदा घरी येत होती. मागच्या वेळी म्हणे विचारपूस करायला. जेवता का, झोप लागते का. इतकी आस्था कुणाला असते, आणि कशासाठी?

ईश्वरीच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. त्या दिवशी चार वाजता याच सहनानं आईच्या जिभेखाली मॉर्फिन सोडलं आणि पावणेपाचला आईचा श्वास थांबला. जास्त तर दिलं नसेल? आणि ‘द्या’ म्हणून मान कुणी हलवली होती? आईला पुण्याहून इथे कन्नड मुलखात, गोकुलमच्या या फ्लॅटमध्ये आणलं तेही ईश्वरीनंच.

“एक काम होतं,” सहना हिंदीत म्हणाली.

आलं बाहेर, ईश्वरीनं मनात म्हटलं.

“आमच्याकडे एक आजी आल्यात, इंदिराबाई. इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. मागे कुणी नाही. कसं वाटतंय विचारलं की कन्नडमध्ये ‘परवागिल्ला’, ठीक आहे, एवढंच. एकट्या असल्या की मराठीत पुटपुटतात. तुम्ही जरा येऊन बसाल?”

ईश्वरी लगेच हो म्हणाली. औषध कसं देतात ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

गुरुवारी सिंधूला शेजारच्या सुष्माकडे सोडून ती तीनला हॉस्पिसमध्ये पोचली.

“कुठली गं तू?” इंदिराबाईंनी विचारलं.

“पुण्याची.”

“म्हणून पुस्तकातल्यासारखं बोलायलीस. आमची मराठी ऐकून हसशील बघ.”

सहनानं दारातून तब्येत विचारली. म्हातारी हसून “परवागिल्ला” म्हणाली. दार लागलं आणि तिनं चादर मुठीत आवळली.

“पोटात इंगळ पडलेत गं, मगळे, लेकी. सकाळपास्नं.”

“मग त्यांना सांगत का नाही?”

“परक्यांपुढं रडायचं? आमच्यातले पुरुष इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. घरचं दुखणं घरच्या भाषेत. तू पण सांगू नको. सुम्ने बस, गप.”

ईश्वरी गप्प बसली. सांगितलं तर सहना ती बाटली आणणार. परत चार वाजणार, परत पावणेपाच, आणि परत ‘द्या’ म्हणणारी तीच. म्हातारीनं ओठ इतका चावला की पांढरा पडला, पण आवाज काढला नाही. ईश्वरी उठली आणि तिनं सहनाला बोलावून आणलं.

बाटलीवरचं लेबल ईश्वरीनं दोनदा वाचलं, फोटोही काढला. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये किती भरलं ते डोळे बारीक करून पाहिलं. दुसऱ्या नर्सनं आकडा मोठ्यानं वाचला. चार वाजता सहनानं औषध म्हातारीच्या जिभेखाली सोडलं. मग ईश्वरी घड्याळाकडे बघत राहिली. पावणेपाचला तिनं म्हातारीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. पाचला मूठ सैल झाली, सव्वापाचला एक डोळा उघडला.

“सांगितलीस ना? चहाडखोर,” इंदिराबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळून झोपल्या.

बाहेर व्हरांड्यात ईश्वरीनं शेवटी विचारलं. “माझ्या आईला त्या दिवशी किती दिलं होतं?”

“सकाळपासून जितकं देत होतो तितकंच. त्यांचं शरीर थकलं होतं, औषधानं गेल्या नाहीत त्या. दर वेळी त्यांनी स्वतःच मागितलं. तुम्ही खोलीत आलात की गप्प व्हायच्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, मुलीला कळू देऊ नका, ती लहानपणापासून घाबरट आहे.”

“कागद दाखवा.”

सहनानं फाइल आणली. आठ, बारा, चार. तिन्हीपुढे एकच आकडा. अक्षर सहनाचं. वाटेल ते लिहिता आलं असतं, ईश्वरीच्या मनात आलंच. पण ते घाबरट म्हणणं? ते कुणाला रचून सांगता आलं नसतं. ते आईचंच होतं.

तिनं फाइल मिटून परत दिली.

“उद्या सकाळी आठला येते,” ती म्हणाली. “मी येईपर्यंत आजींच्या ‘परवागिल्ला’वर विश्वास ठेवू नका. आणि औषध माझ्यासमोर द्या.”