बिनमिठाची परीक्षा

आचाऱ्याने रश्श्यात मीठ घातलं नाही, ते मुद्दाम. गेल्या वर्षभरात त्याच्या हातून पुष्कळ गोष्टी नकळत राहून गेल्या असतील, पण ही नाही. त्याने मसाला परतला, टोमॅटो टाकले, बटाटे टाकले आणि मिठाच्या बरणीला हात न लावता आच मंद करून तो बाहेरच्या खोलीत आला.

तिथे त्याच्या दोन्ही मुली एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. मध्ये जमिनीवर त्याचा सगळा संसार मांडलेला: स्वयंपाकाची अकरा पुस्तकं, हाताने लिहिलेल्या नऊ वह्या, चार मोठी पातेली, दोन कढया, परात, झारे, डाव आणि फडक्यात गुंडाळलेल्या सुऱ्या. महिनाअखेरीस तो हे घर सोडून एका खोलीत राहायला जाणार होता. तिथे शेगडी नव्हती, दोन वेळचा डबा येणार होता. पाय दुखतात, उभं राहवत नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. पाय चांगले ठणठणीत होते. गेली होती ती चव. वर्षापूर्वीच्या तापात गेली ती परत आलीच नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये बत्तीस वर्षं रोज चारशे पानं वाढलेला माणूस हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"सगळं एकीलाच मिळेल," त्याने आधीच बजावलं होतं. "भांडी एकीकडे आणि वह्या दुसरीकडे, असले तुकडे मी करणार नाही."

थोरलीने मान डोलावली होती, कारण ते सगळं आपलंच, याबद्दल तिला शंकाच नव्हती. पुढच्या महिन्यात ती स्वतःची खानावळ काढत होती. जागा घेऊन झाली होती, या पातेल्यांच्या मापाने ओटाही बांधून झाला होता. धाकटी शाळेत चित्रकला शिकवायची. तिला स्वयंपाक येत नाही हे जगजाहीर होतं. तिने लहानपणी करपवलेल्या भाताची गोष्ट बाप आल्यागेल्याला हसून हसून सांगे. पण वह्या आईच्या अक्षरातल्या होत्या. बाप सांगायचा आणि आई लिहायची. धाकटीला त्या हव्या होत्या, आणि या वेळी ती मागे हटणार नव्हती.

"तू काय करणार गं वह्यांचं? फ्रेम करून लावणार?" थोरली म्हणाली.

"आणि तू काय करणार, ताई? तेलकट हात पुसणार?"

"पुरे," आचारी म्हणाला. "मी जरा पडतो. वीस मिनिटांनी जेवू."

तो आडवा झाला, पण डोळा लागू दिला नाही. आधी धाकटी पाणी प्यायला आत गेली, मग थोरली ताटं काढायला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. त्याचा बेत सोपा होता: रस्सा पुढे ठेवायचा आणि चव विचारायची. रांधणाऱ्याने स्वतःचं पातेलं स्वतः पास करायचं नाही, हा कँटीनमधला त्याचा कायदा. दुसऱ्याने चाखायचं आणि असेल ते तोंडावर सांगायचं. 'छान आहे' म्हणून वेळ मारून नेणाऱ्या एका मदतनिसाला त्याने त्याच दिवशी घरी बसवलं होतं. जी पोरगी मीठ नाही म्हणून सांगेल, तिला सगळं द्यायचं. ती थोरलीच असणार, हेही तो धरून चालला होता.

उठून त्याने रस्सा तळापासून ढवळला आणि दोन वाट्यांत वाढला.

थोरलीने चमचा तोंडात घातला. तिचा चेहरा कसनुसा झाला, पण तिने तो घाईने सावरला.

"छान झालाय, बाबा."

आचारी धाकटीकडे वळला. "आणि तू?"

धाकटीने घोट कसाबसा गिळला. "मस्त."

त्याचा पारा चढला. "खोटारड्या! दोघीही! अगं, मीठच नाही त्यात! मी घातलंच नाही!"

"आहे," दोघी एकदम म्हणाल्या.



"मी घातलं," धाकटी म्हणाली. "मगाशी."

"तू?" थोरली तिच्याकडे बघतच राहिली. "मी चाखला तेव्हा तर अळणी होता."

"ढवळलं नव्हतं. डावाचा आवाज झाला असता तर बाबांना कळलं असतं."

"मीही नाही ढवळलं," थोरली हळूच म्हणाली.

दोघींचं खडेमीठ तळाशी बसलं होतं, आणि आचाऱ्याने ते स्वतःच्या हाताने वर आणलं होतं. रस्सा खारट झाला होता.

"किती दिवस चाललंय हे?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"मी दर रविवारी येते तेव्हा," थोरली म्हणाली. "वर्ष होईल आता. तुमची चव गेलीय, हे पहिल्याच रविवारी कळलं. मीठ घालायचं आणि गप्प बसायचं. सांगायचा धीर झाला नाही."

"माझा बुधवार," धाकटी म्हणाली. "पण नुसत्या मिठाने भागायचं नाही. कधी तिखट दुप्पट, कधी आंबटाचा पत्ता नाही. मग आईच्या वह्या काढायच्या, बघायचं, चाखायचं, पुन्हा चाखायचं. बुधवारी तुमचे कँटीनवाले जेवायला येतात ना, आणि वाहवा करून जातात? मला स्वयंपाक येत नाही ना, बाबा?"

आचाऱ्याला शरमेने कुठे बघावं कळेना. त्या वाहवेवर तर तो आठवडा काढत होता. मनात आलं, दोघींना हाकलून द्यावं आणि सगळं भंगारात घालावं. पण त्याने पातेलं उचलून धाकटीपुढे ठेवलं.

"हाही सावर. जमला तर सगळं तुझं." मग तो थोरलीकडे वळला. "चाखणार तू."

"आणि मी बिघडला म्हटलं तर?"

"तर सगळं तुझं."

धाकटीने अर्धा रस्सा बाजूला काढला, पाणी वाढवलं, नवे टोमॅटो चिरून टाकले, वेगळे उकडलेले बटाटे कुस्करून घातले. थोरली हाताची घडी घालून दारात उभी होती. तिने जागा घेतली होती, ओटा बांधला होता. बापाला चव कळत नव्हती. ती म्हणेल ते खरं ठरणार होतं, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

तिने चाखलं. "उकळू दे अजून." पाच मिनिटांनी थोरलीने पुन्हा चाखलं, चमचा खाली ठेवला आणि पाठ वळवून बाहीने डोळे पुसले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मीही याहून चांगला केला नसता. द्या तिला."

धाकटीने गॅस बंद केला आणि पहिली वाटी बापाला दिली.

त्याने घास घेतला. तोंडात नुसतं काहीतरी गरम आणि मऊ फिरलं. "मला काहीच लागत नाही गं," तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याने हे कुणाजवळ बोलून दाखवलं होतं.

थोरली स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याच्याच वाटीतला एक चमचा घेतला.

"मी सांगते, बाबा. आधी टोमॅटो लागतो, जरासा आंबट. मग मागाहून तिखट येतं, घशापर्यंत. मीठ कुठे वेगळं जाणवत नाही. घ्या, आता दुसरा घास घ्या."