मुदतीवर सुटका

लालासाहेब फौजदार रिटायर होऊन शिराळ्याजवळच्या आपल्या गावी आले. त्याला वर्ष होतंय न होतंय तोच त्यांच्या नावानं कोर्टाचं समन्स निघालं. ते घेऊन आला हवालदार जोतीराम, एके काळी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो दारातच उभा राहिला. आत येईना.

"साहेब, माझा नाइलाज हाय."

"आण हिकडं. सही कुठं करू?"

फिर्यादी होता नानासो, तालेवार बागायतदार. सत्तर साली रानात मेंढरं शिरली म्हणून त्यानं कोंडीबा धनगराला कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं. कोंडीबा दवाखान्याच्या वाटेवरच गेला. नानासोला हात लावू नका, असे वरून निरोप आले, तरी लालासाहेबांनी त्याला घरातून उचलला. सजा झाली. ती भोगून बाहेर आल्यावर, फौजदाराच्या अंगावरची वर्दी उतरेपर्यंत तो गप्प राहिला. आणि आता त्याचं म्हणणं, फौजदारानं आपल्याला कोठडीत उलटं टांगून मारलं.

लालासाहेब सांगलीला मोठ्या साहेबांना भेटले. साहेबांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "तुम्ही आता खात्यात नाही. खाजगी वकील बघा," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर बायको राहीबाई भडकली. "काम सरकारचं केलंसा, आन् आरोपी तुमी एकटं? न्हवं, तवा का न्हाई केली त्यानं फिर्याद? तवा तोंड शिवलं हुतं?"

वकिलानं मात्र कागद बघितले आणि हसला. "काळजी सोडा. ड्युटीवर केलेल्या कामाबद्दल पोलिसावर फिर्याद करायची तर पोलीस कायद्यात मुदत आहे. ती कधीच उलटली."

"पर आता मी पोलीस न्हाई."

"काम केलं तेव्हा होतात ना? कायदा त्या कामाला राखतो. नोकरी संपली म्हणून ते राखणं संपत नाही."

"म्हंजे मी मारलं का न्हाई, हे कुणी इचारणारच न्हाई?"

"गरजच काय?"

"मला गरज हाय!" लालासाहेबांचा आवाज चढला. "मुदत संपली म्हणून सुटला, असं चारचौघांत म्हणतील. मी त्याला बोट लावलं न्हाई, वकीलसाहेब. बोट!"

वकिलानं ऐकलं नाही. मग लालासाहेब स्वतः जतकडं गेले आणि कोंडीबाची बायको हरणाबाई हिला शोधून काढलं. नानासोला कोठडीत घातला त्या दिवसापासून सांगलीला नेईपर्यंत ती ठाण्याच्या ओसरीवर बसून होती. तिनं सारं बघितलं होतं.

तारखेला ती एसटीनं आली. वकिलानं मुदतीचा मुद्दा मांडला. मॅजिस्ट्रेटनं समोरच्या वकिलालाही ऐकून घेतलं आणि फिर्याद काढून टाकली.

लालासाहेब पिंजऱ्यातनं हलले नाहीत. "साहेब, ह्या बाईचं तेवढं ऐकून घ्या."

"फिर्यादच राहिली नाही, तर साक्ष कशाची घेऊ? तुम्ही मोकळे आहात."

बाहेर आवारात नानासो वाटच बघत होता. माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाला, "तारखेनं वाचलास, फौजदार. मारलं तर हुतंसच!"

लालासाहेबांच्या हाताची मूठ वळली. राहीबाईनं त्यांचं मनगट गच्च धरलं. तेवढ्यात हरणाबाई नानासोच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"खोटं बोलतूस! मी व्हते तितं. माझ्या धन्याला माती देऊन आले आन् ह्या फौजदारांच्या पाया पडले. म्हनलं, मारा ह्येला, माझ्यासाठी मारा. तर हे म्हनलं, 'बाई, मी धरायचं काम करतो, मारायचं न्हाई.' लय राग आला व्हता मला ह्येंचा. अजून हाय!"

चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली. नानासो जीपकडं निघाला, तरी ती त्याच्या पाठोपाठ तेच ओरडत गेली. जीप फाटकाबाहेर पडल्यावरच ती थांबली.

लालासाहेबांनी वकिलाला विचारलं, "हे आता कुठं लिहून घेतात?"

"आता? कुठंच नाही."

"मग मी निर्दोष न्हाई. मी नुसता सुटलोय," ते म्हणाले. वकिलाला नमस्कारही न करता ते हरणाबाईजवळ गेले आणि सकाळपासून तिनं काही खाल्लंय का, म्हणून विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. राहीबाईनं तिथंच लिंबाखाली भाकरी सोडली.