पुढे पाठवू नये

सव्वीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नाही, म्हणून टपाल कचेरीत त्या पोस्टमनला सगळे 'बिनचूक' म्हणत. कौतुकाने म्हणत की टवाळीने, ते ज्याने त्याने ठरवावं. माणूस नाकासमोर चालणारा. म्हणजे समोर खांब आला, तर खांबानेच बाजूला व्हावं, अशा जातीचा. तर अशा या बिनचूकच्या जिवाला महिनाभर घोर लागला होता तो एका पत्राचा, आणि पत्र होतं त्याचं स्वतःचं.

झालं होतं असं. सरकारने 'आपलं छप्पर' नावाची योजना काढली. भाड्याने राहणाऱ्यांना परवडतील अशा दोन-दोन खोल्या. बिनचूकने चार वर्षांपूर्वी अर्ज केला, यंदा सोडतीत नंबर लागला, आणि घरात तिघं होती ती तिघंही आपापल्या कोपऱ्यात जाऊन थोडी रडून आली. आता एकच पायरी उरली होती. खात्याकडून एक रजिस्टर पत्र येणार, अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर. ते सही करून घेतलं की घर पक्कं. लिफाफ्यावर लाल अक्षरांत छापलेलं असे: 'पुढे पाठवू नये. पत्त्यावर राहत नसल्यास परत करावे.' परत गेलं की घर यादीतल्या पुढच्या माणसाला.

आणि ऐनवेळी घरमालकीणबाईंनी जागा मागितली. त्यांचा भाचा परत येणार होता, त्याचं सामान येणार होतं. बाई वाईट नव्हत्या, मुदत दिली, डोळ्यांत पाणीही आणलं. पण पाण्याने का खोल्या राहतात? बारा वर्षांचं बिऱ्हाड मोठ्या रस्त्यापलीकडे एका खोलीत गेलं. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचा अभ्यास आता जिन्यात चालायचा, कारण खोलीत तिने पाय पसरले की कपाटाचं दार उघडत नसे.

खात्याला नवा पत्ता कळवावा म्हटलं, तर पत्ता बदलला की अर्ज यादीच्या शेपटाला. आता बोला! ज्याला स्वतःचं घर नाही तोच तर घरं बदलत फिरतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आणि घर द्यायचं कुणाला, तर जो हलला नाही त्याला. हा नियम करणारा माणूस जन्मात कधी भाड्याने राहिला नसणार, हे मी लिहून देतो.

त्यात बिनचूकने एक पराक्रम केला, जो पोस्टमनखेरीज कुणाच्या हातून होणार नाही. सामान हलवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत जाऊन पत्ताबदलाचा फॉर्म भरला. स्वतःचा. सुवाच्य अक्षरात, तारखेसकट, आणि आपल्याच गल्लीच्या पत्रांच्या खणाला टाचणीने लावूनही टाकला. लोकांना जन्मभर हेच सांगत आला होता ना, की घर सोडलं की आधी पोस्टात कळवा.

बायकोला हे कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिने पातेलं खाली ठेवलं.

"अहो, तुम्हाला पत्रं कोण पाठवतं? एक वीजबिल आणि एक विम्याचा कागद. त्यासाठी फॉर्म?"

"नियम आहे."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "जुनी गल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडेच."

"मग पत्र घेऊन येणार कोण?"

"मी."

"आणि घ्यायचं कुणी?"

बिनचूकने खुंटीवरची पिशवी काढली आणि पुन्हा खुंटीलाच अडकवली.

"मग अडलंय कुठे?" ती म्हणाली, आणि पुन्हा पातेल्याकडे वळली. तिच्या दृष्टीने तो विषय संपला. बिनचूकचा मात्र तिथेच सुरू झाला.

वर निवडणूक तोंडावर. मतदान रविवारी. एका बाजूला सरकारवाले, दुसऱ्या बाजूला बदलवाले, आणि दोघांची पत्रकं बिनचूकच्याच पिशवीत, एकमेकांच्या अंगावर. सरकारवाले म्हणत, इतकी लाख छपरं दिली, आणखी इतकी लाख देऊ. बदलवाले म्हणत, ही योजना म्हणजे थाप आहे, आम्ही आलो की बंद करू आणि नवी आणू. ज्यांच्या हातात पत्र पडलंय त्यांना घर मिळेल, बाकीच्यांचं नव्याने पाहू. 'नव्याने पाहू' म्हणजे काय, ते सरकारी कचेरीत एकदा तरी रांग लावलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पूर्वी बिनचूक मत द्यायचा तेव्हा त्याला देश दिसायचा. सीमेवर काय चाललंय, शाळांचं काय, धरणांचं काय, सगळं पेपरात वाचायचा, चहाच्या टपरीवर वाद घालायचा, एकदा तर तावातावाने बोलताना दुसऱ्याचाच चहा पिऊन आला होता. आता टीव्हीवर कुणी परराष्ट्र धोरणावर बोलायला लागलं की तो घोटाळत राहायचा, हा छपराचं कधी बोलतोय याची वाट बघत. एवढा मोठा देश त्याच्या डोक्यात आकसून दोन खोल्यांचा झाला होता. याची त्याला लाज वाटायची. आपण मतदार आहोत की भाडेकरू, असं तो स्वतःला विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत पुन्हा पत्राची काळजी सुरू व्हायची.

बरं, घरं नाहीत असं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. नदीकाठचे तीन टॉवर त्याच्याच वाटेवर होते. तळमजल्यावर पत्रपेट्यांची भिंतच. त्यातल्या निम्म्याहून जास्त पेट्यांत नवा कागद घालायला जागा उरलेली नसे, कारण जुना कुणी काढलेलाच नाही. घरं घेतलेली, कुलपं लावलेली, आत चिटपाखरू नाही. कुणाचं कुठलं घर तीन वर्षं बंद आहे हे मंत्र्याला माहीत नसेल, पोस्टमनला माहीत असतं. पण पोस्टमनला विचारतो कोण? दोन्ही पक्षांची पत्रकं त्याच भरलेल्या पेट्यांत तो मुकाट्याने कोंबून येत असे.

शुक्रवारी सकाळी सॉर्टिंगच्या बाईंनी त्याला हाताने बोलावलं. आवाज दिला नाही, यावरूनच त्याला कळलं. टेबलाखाली, मांडीवर, तो लिफाफा होता. लाल अक्षरं वर.

"भाऊ, खणाला तुमचा फॉर्म आहे," बाई हळूच म्हणाल्या. "नियमाप्रमाणे मी इथूनच शिक्का मारून परत करायला हवं."

"हो," बिनचूक म्हणाला.

बाईंनी खणाची टाचणी काढली, फॉर्मची घडी केली आणि लिफाफ्यासकट त्याच्या पिशवीत टाकली. "बावीस वर्षं बघतेय तुम्हाला. मी काही पाहिलेलं नाही. जा आता, पोस्टमास्तर यायच्या आत जा."

त्याने आभारही मानले नाहीत. आभार मानले तर काय घडलं ते शब्दांत आलं असतं.

त्या दिवशी त्याने इतर सगळी पत्रं आधी वाटली. एरवी गल्ल्यांचा क्रम त्याने कधी मोडला नव्हता. दुपारी दोन वाजता जुन्या दारासमोर उभा राहिला. कुठेही सही करता आली असती, बागेतल्या बाकावर, सायकलच्या सीटवर. पण पत्र निदान दारापर्यंत तरी नेलं पाहिजे, असं त्याला वाटलं. चोरी करतानाही क्रमाने करणारा माणूस! घंटा वाजवली. मालकीणबाईंनी दार उघडलं. मागे भाच्याची खोकी छतापर्यंत रचलेली.

"आलं का रे?" त्यांनी विचारलं. "मग बघतोस काय, कर सही. कुणी विचारलंच तर मी सांगेन, आत झोपला होता म्हणून."

"काकू, मी पोस्टमन आहे. मी दारात आणि आतही, असं कसं सांगाल?"

"मग सांगेन, दारात झोपला होता." त्या हसल्या. त्यांनाही सुटायचं होतं बिचाऱ्यांना. बारा वर्षांच्या भाडेकरूला काढल्याचा सल होताच.

बिनचूक पायरीवर बसला, लिफाफा गुडघ्यावर ठेवला, पेन काढलं. आणि त्याचा हात सहीच्या चौकटीकडे न जाता आपसूक लिफाफ्याच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. 'सो' हे अक्षर लिहूनही झालं. सोडून गेले. सवयच ती. या महिन्यात याच रंगाच्या अकरा लिफाफ्यांवर, याच पेनाने, याच कोपऱ्यात त्याने ते दोन शब्द लिहिले होते आणि लिफाफे परत पाठवले होते.

अकरा. आतापर्यंत तो आकडा त्याच्या डोक्यात नुसता नोंदीचा होता. आता एकेक दार समोर आलं. ती माणसं कुठे गेली हेही त्याला ठाऊक होतं, अगदी मजल्यासकट. त्यांची वीजबिलं तो नव्या पत्त्यावर नेमाने पोचवत होता. फक्त घर त्याने परत पाठवलं होतं. नियम होता.

त्याने मान वर केली नाही. 'सो' या अक्षरावर पेन गिरवून गिरवून एक काळा ठिपका केला. डोळ्यांसमोर जिन्यात बसलेली मुलगी आली. मग चौकटीत सही केली, तारीख टाकली, पोचपावती फाडली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. जगरहाटी आहे ही, बिनचूकने काही नवी काढली नाही. पण ती त्याने पहिल्यांदाच चालवली होती.

घरी बायकोने पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा मुलीकडून मोठ्याने वाचून घेतलं. "सुटलो बाई," ती म्हणाली आणि खाली बसली. मुलगी बापाच्या गळ्यात पडली. बिनचूक हसला, जेवला, आणि शनिवारी नेहमीच्या क्रमाने गल्ल्या करून आला.

रविवारी मतदानाला जुन्याच शाळेत जायचं होतं. मतदारयादीतला पत्ता बदलायची मुदत हुकली होती, नाहीतर त्याने तोही बदलून ठेवला असता. रांग लांब होती. दारावरचा शिपाई माणसं मोजून आत सोडत होता. बायको आणि मुलगी बायकांच्या रांगेत पुढे गेलेल्या. बिनचूक मनाशी घोळवत होता. आता सरकार कुणाचंही येवो, पत्र आपल्या हातात आहे. म्हणजे आज पुन्हा देशासाठी मत देता येईल, पूर्वीसारखं. बऱ्याच दिवसांनी छाती जरा मोकळी झाल्यासारखी वाटली.

"पोस्टमनदादा!"

शेजारच्या रांगेत इस्त्रीवाली होती. कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिने पंधरा वर्षं गल्लीचे कपडे कडक केले होते. शेड पाडल्यावर नवरा आणि सासूला घेऊन कालव्याच्या पुलापाशी राहायला गेली होती. तिचंही मत जुन्याच पत्त्यावर होतं.

"बरं झालं भेटलात. आमचं छपराचं पत्र अजून आलं नाही हो. नंबर तर लागलाय. घरी सगळे घाबरलेत. मी म्हटलं, आपले दादा आहेत ना, त्यांना माहितेय आपण कुठे राहतो. त्यांच्या हातून पत्र हरवणार नाही."

बिनचूकला 'अजून नाही' असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"ताई, तुमचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. "मागच्या मंगळवारी. मी परत पाठवलं."

ती हसली. थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू गेलं.

"परत? का हो?"

"तुम्ही तिथे राहत नव्हता. नियम आहे तसा. पुढे पाठवता येत नाही."

तिने मान डोलावली. नियम म्हटल्यावर गरीब माणूस आधी मानच डोलावतो. रांग दोन पावलं सरकली, ती तिच्या रांगेत, तो त्याच्या. थोड्या वेळाने ती पुन्हा त्याच्याकडे वळली. रागावलेली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

"पण दादा, तुमची लेक आत्ताच सांगून गेली, तुमचं घर झालं म्हणून. तुम्हीही तर जागा सोडलीत ना, आमच्यासारखी? मग तुमचं पत्र तुम्हाला कसं मिळालं?"

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. शिपायाने बिनचूकला खूण केली, पुढचा. तो आत गेला, नाव सांगितलं, पत्ता विचारला तेव्हा जुना पत्ता सांगितला. पडद्यामागे दोन्ही चिन्हं समोर होती. ज्यांनी हा नियम केला त्यांना धडा शिकवायचा, असंही या महिन्यात कधीकधी त्याच्या मनात आलं होतं. पण बाहेर ती अजून उत्तराची वाट बघत उभी होती, आणि तिला द्यायचं उत्तर यांपैकी कुठलंच बटण दाबून मिळणार नव्हतं.

"काका, आटपा," बाहेरून कुणीतरी म्हणालं. "मागे माणसं उभी आहेत."