आत गेलेली हवा

तंत्रज्ञ फार गोड बोलत होता, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाळ वेळेच्या बरंच आधी जन्मलं होतं. नाकातली ऑक्सिजनची नळी काढून त्याला घरी न्यायचं की नाही, ते आजच्या तपासणीवर ठरणार होतं. पाजून झोपवायचं, नळी जरा बाजूला करायची, नाकातोंडावर इवलासा मास्क धरायचा आणि दर श्वासाला हवा किती आत जाते, किती बाहेर येते ते यंत्राने मोजायचं. जोरात फुंक म्हटलं तर त्याला कळणार थोडंच.

तंत्रज्ञ मोजायचा, आकडे पुसायचा, पुन्हा मोजायचा. मी जवळ सरकले की यंत्राचा पडदा हळूच पलीकडे वळायचा. ठीक आहे ना, असं विचारलं तर म्हणे, ताई, कसं शहाण्यासारखं झोपलंय. मी विचारलं होतं फुप्फुसाचं, उत्तर झोपेचं.

मग त्याने नवऱ्याला दाराशी बोलावलं. दोघं कुजबुजले. नवरा परतला तो चेहऱ्यावर हसू चिकटवून. लग्नात फोटोग्राफरने सांगितल्यावर हसला होता, अगदी तसं. काय झालं विचारलं, तर म्हणाला, काही नाही गं, यंत्र जुनं आहे. मघाशी यानेच ते किती नवं आहे म्हणून कौतुक केलं होतं.

पाण्याच्या बाटलीचं निमित्त करून मी यंत्रामागून फिरले. पडद्यावर प्रत्येक श्वासाची एक रेघ उमटत होती. निघाली तिथेच तिने वळसा घालून परत यायला हवं, एवढं पदवीपर्यंत विज्ञान शिकलेल्या मला कळत होतं. ती अलीकडेच अडत होती.

"आत गेलेली हवा बाहेर का येत नाहीये?" मी विचारलं. "आणि आता गोड बोलू नका."

तंत्रज्ञाने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने फरशीकडे.

"येतेय, ताई. पण मास्कच्या कडेने निसटतेय. आकडे फार वाईट दिसतायत, पण ते खरे नाहीत. हे तुमचे साहेबच म्हणाले, नक्की कळेपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही."

त्याने बाळाच्या गालावरून बोट फिरवलं. ते घसरलं. गालाला काय लावलंय, त्याने विचारलं.

मलम. मास्कने कातडी सोलवटू नये म्हणून सकाळी मीच थापलं होतं. कुणाला बोलले नव्हते. सगळे नको म्हणाले असते.

ओल्या कापसाने पुसताच बाळाने भोकाड पसरलं. पुन्हा पाजणं, पुन्हा थोपटणं. नवऱ्याने चहा आणला, तो मी आधी घेतला नाही, मग घेतला.

या खेपेला तंत्रज्ञाने पडदा स्वतःच माझ्याकडे वळवला. रेघ गेली, वळली, निघाली तिथेच येऊन मिळाली.

"श्वास कमी भरतोय," तो म्हणाला. "मघाइतकं वाईट नाही, पण कमीच. डॉक्टर आज नळी काढतील असं वाटत नाही."

सकाळपासून पहिल्यांदा मला कुणाचं तरी बोलणं खरं वाटलं. नवरा म्हणू लागला, अगं, तसं जवळजवळ बरोबरच... मी त्याला हातानेच थांबवलं. घरी नेताना घालायला काढलेलं झबलं पिशवीत परत ठेवायला सांगितलं.

"आणि डॉक्टर जे काही बोलतील, ते माझ्यासमोर बोलतील."

तो हो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.