दहावा माणूस

मतदान केंद्राच्या फाटकापासून नेमून दिलेली शंभर पावलं मोजून मावशी उभी राहिली. डोक्यावर टोपी, गळ्यात ओळखपत्र, समोरच्या टेबलावर कुलूपबंद पेटी. मत देऊन बाहेर पडणाऱ्या दर दहाव्या माणसाला तिनं चिठ्ठी द्यायची, त्यानं कुणाला मत दिलं आणि केंद्रावर काही गैरसोय झाली का, ते गुपचूप लिहून पेटीत टाकायचं. मावशीनं डोकावायचंसुद्धा नाही. एक्झिट पोल म्हणतात तो हाच!

पण दहावा म्हणजे दहावाच. नववा गोड हसला म्हणून तो नाही, अकरावा ओळखीचा म्हणून तोही नाही. मागच्या निवडणुकीत मावशीनं इथंच घोळ घातला होता. दहावा खेकसला, तर तिनं अकराव्या आजोबांना विचारलं, कारण ते बिचारे बोलायला कुणीतरी शोधतच होते. संध्याकाळी तिच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद! म्हणून या वेळी सुपरवायझरबाईंनी बजावलं होतं, "मावशी, जीव लावत बसू नका, मोजा. पुन्हा चुकलात तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." आणि मावशीला हे काम इतकं आवडायचं, की आदल्या दिवशीच ती टोपी घालून आरशासमोर मिरवली होती.

पण सकाळपासून नशीब रुसलेलं. एका दहाव्यानं नुसतं घड्याळ दाखवलं. दुसरी फोनवर भांडत होती. तिसरा म्हणाला, "मी सांगत नाही, तुम्ही विचारू नका." मावशी नकाराच्या रकान्यात निमूट रेघा ओढत राहिली.

सात, आठ, नऊ... आणि दहावे चक्क काका! मावशीचे अहो, चौकातल्या सलूनचे मालक, कडक इस्त्रीच्या शर्टात.

"विचारा, मॅडम!" चिठ्ठी घेऊन त्यांनी पाठ फिरवली, भराभरा लिहिलं आणि घडी घातली.

"अहो, पण तुम्ही मघाशीच आत गेला होतात ना?"

"मग! मत देऊन फाटकाआड उभा राहून मोजत होतो. सलूनमध्ये कुणाचा कितवा नंबर, हे मी पंचवीस वर्षं तोंडपाठ ठेवतोय. चौघांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत पुढं सोडलं. कुणी तुला धड उत्तरच देत नव्हतं गं."

पेटीत पडण्याआधीच मावशीनं त्यांच्या हातून चिठ्ठी काढून घेतली. "अहो, दहावा आपोआप यावा लागतो! ठरवून आलेला चालत नाही. उद्या सगळे पक्ष आपापली माणसं मोजून पाठवतील."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

तिनं डोळे मिटून सुपरवायझरबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "तेवढी एक चिठ्ठी बादच्या लखोट्यात टाका. बाकीच्या राहू द्या. आणि मावशी, पुढच्या वेळीही तुम्हीच."

"माझं मत बाद?" काकांचं तोंड एवढंसं झालं.

"मत सरकारी पेटीत सुखरूप आहे हो! बाद झाली ती माझ्याकडची चिठ्ठी."

साडेपाचला सलून बंद करून काका पुन्हा हजर. "कोण पुढं आहे, ते तरी सांग."

"मला काय माहीत! आणि सहाला शेवटचं केंद्र बंद होईपर्यंत आकड्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, कायदा आहे."

"मग मी काय लिहिलं होतं, ते सांगू?"

"सहानंतर!"

काका कठड्यावर घड्याळाकडे टक लावून बसले. सहाच्या ठोक्याला उठले.

"मत कुणाला, ते लिहिलंच नाही. ते मी तुलाही सांगणार नाही. शेवटचा प्रश्न होता ना, केंद्रावर काय गैरसोय झाली? तिथं लिहिलं, 'बाहेर माझी बायको सकाळपासून उभी आहे, तिला कुणी खुर्ची दिलेली नाही.'"

मावशी इतकी हसली की टोपी घसरून नाकावर आली. "अहो, मग हे तेव्हाच सांगायचं ना!"

"तूच म्हणालीस, सहानंतर."