खिडकीवरचे दोन गुडघे

सासूबाईंनी दोन्ही सुनांचे एक्स-रे खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवले. तळमजल्यावरची खोली रिकामी झाली होती आणि जिचा गुडघा जास्त खराब, तिला ती मिळणार होती. धाकटीला ती हवीच होती. जिना उतरवत नाही म्हणून तिचं पाळणाघरातलं काम सुटलं होतं. खाली राहिली असती तर पुन्हा कामावर जाता आलं असतं.

"मोठीचं बघा, हाडाला हाड टेकलंय," सासूबाई म्हणाल्या. "आणि हिच्या हाडांत केवढी फट. कोरा करकरीत गुडघा."

"मग रात्रभर कण्हतं कोण, आई?" धाकटीनं विचारलं.

"नाटकाचा एक्स-रे निघत नाही गं," मोठी जाऊ म्हणाली. ती स्वतः दिवसभर जिना चढत-उतरत होती. सगळे हसले, धाकटीचा नवरासुद्धा.

संध्याकाळपर्यंत मोठीचं सामान खालच्या खोलीत लागलं.

धाकटी एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी तो उजेडात धरला. "हा झोपवून काढलाय का?"

"मला उभं राहवत नव्हतं. तिथला माणूस म्हणाला, ताई, आडव्या व्हा."

"त्यानं दया केली आणि घोळ करून ठेवला. उभं राहिलं की वजन पडतं, हाडं जवळ येतात, मधली कूर्चा किती झिजली ते कळतं. आडवं झालं की फट रुंद दिसते. तुमच्या जावेचा उभ्यानं काढलेला, तुमचा आडव्यानं. त्यांची तुलनाच होत नाही. शिवाय एक्स-रेत हाड दिसतं, दुखणं दिसत नाही."

त्यांनी एमआरआय काढून घेतला. त्यात गुडघ्यातल्या दोन हाडांमधली फाटलेली गादी दिसली, हाडाच्या आतली सूज दिसली. "म्हणून कण्हता तुम्ही," त्या म्हणाल्या. "जिना पूर्ण बंद."

नवऱ्यानं दंडाला धरून तिला एकेक पायरी वर आणलं. तिनं सासूबाईंना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही.

"म्हणजे खरंच दुखतंय तुला."

"हो, आई." धाकटीचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

"आणि जिना बंद."

"हो."

"मग आता खाली उतरूच नकोस. मोठीचा संसार लागलाय तिथं, तो कशाला हलवायचा? ताट वर येईल तुझं."

"पण आई, माझं काम..."

"आईचं बरोबर आहे," नवरा म्हणाला. "डॉक्टरांनीच सांगितलंय ना?"

दोघं खाली गेले. मागोमाग मोठी ताट घेऊन वर आली, ते तिनं जमिनीवर ठेवलं आणि दारातून वळून म्हणाली, "बाहेरून कडी लावते हं. विसरून उतरशील एखादे वेळी."