गटाराच्या अर्जाचा फॉन्ट

सीमाभागातल्या जनवाड्याच्या प्रेमानंद मास्तरांना गल्लीतल्या तुंबलेल्या गटारापेक्षा त्याच्या अर्जाच्या फॉन्टची काळजी जास्त. लेक स्नेहल तिच्या टायपिंगच्या दुकानात एकेक फॉन्ट बदलून दाखवायलेली आणि मास्तर नाक मुरडायलेले.

“ह्यो लग्नपत्रिकेचा हाय. ह्यो तर उपाशी दिसायलाय. साहेबाला घाम फुटंल असा दे!”

शेवटी एक जाडजूड फॉन्ट पसंत पडला आणि अर्ज मेलवरून कार्यालयात गेला.

महिन्यानं कन्नडमध्ये उत्तर आलं: ‘आपला अर्ज काळजीपूर्वक वाचला. कार्यवाही चालू आहे.’ सोबत अर्जाची प्रत होती. तिकडच्या कॉम्प्युटरात तो फॉन्टच नव्हता, त्यामुळे सगळ्या पानभर नुसती एबीसीडी, कंस आणि टक्क्यांच्या खुणा सांडल्या होत्या. खाली तीन साहेबांचे शेरे, सहीनिशी: ‘वाचले’, ‘वाचले’, ‘सहमत’.

मास्तरांनी याच गटाराच्या गेल्या वर्षीच्या अर्जाचं उत्तर काढून पाहिलं. तेव्हा अर्जाचं अक्षर न् अक्षर नीट उमटलं होतं. उत्तर मात्र शब्दाला शब्द हेच.

“अप्पा, आता फॉन्ट बदलायचा का?” स्नेहलनं विचारलं.

“कामून? फॉन्ट ह्योच ठिव. पुढच्या बारीला मजकूर मी सांगत न्हाई. बोटं जातील तिकडं बडव!”